कॉलेज बदलायचंय? गोव्यात पदवीच्या मध्यावर दुसरीकडे जाणाऱ्यांसाठी

गोव्यात बारावी हायर सेकंडरीत होते आणि कॉलेज एफवायपासून सुरू होतं. त्यामुळे बारावीनंतर दाखला काढून नव्या ठिकाणी जाण्यात कुणाला काही वाटत नाही. पण एफवाय झाल्यावर कुणी कॉलेज बदलतो म्हणालं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘वर्ष वाया जाणार नाही ना?’ मुलं मात्र वेगळाच प्रश्न घेऊन फिरत असतात: ‘तिथे मला घेतील का?’

घरच्यांचा प्रश्न जास्त कामाचा आहे. जागा रिकामी असेल तर कॉलेज घेतंही. पण आतापर्यंत पास केलेल्या पेपरांपैकी किती तिथे धरले जाणार, हे न विचारता गेलात तर टीवायच्या शेवटी कळतं की पदवीला चार-सहा क्रेडिट्स (पेपर पास केल्यावर खात्यात जमा होणारी एककं) कमी पडताहेत. म्हणून हा सगळा लेख त्या हिशेबाभोवती आहे. अर्ज, दाखले, सह्या यांची धावपळ आहेच, पण ती नंतरची.

आधी, खरंच कॉलेजच बदलायचंय का?

काणकोणहून रोज पणजीला येणाऱ्या मुलाला प्रवासाने पिट्टा पडतो म्हणून मडगावला जायचं असेल, तर कारण सरळ आहे. घर बदललं, खाजगी कॉलेजची फी झेपेनाशी झाली, हवा तो विषय आहे तिथे पुढे मिळतच नाही, हीही सरळ कारणं. कॉलेजात त्रास होत असेल, रॅगिंग असेल, तर मात्र गुपचूप निघून जाण्याआधी लेखी तक्रार करा. प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती असते, आणि लेखी तक्रार झालेली असली की पुढे ना हरकत दाखला मागतानाही तुमची बाजू भक्कम राहते.

पण ‘विषय आवडला नाही’ हे कारण असेल तर थोडं थांबा. नवीन शैक्षणिक धोरणानुसारची पदवीची रचना गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून सुरू झाली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ज्या आराखड्यावर ती बेतली आहे त्यात पहिलं वर्ष संपल्यावर आपल्या विद्याशाखेतल्या विद्याशाखेत मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलण्याची सोय धरलेली आहे. फिजिक्स नको झालं आणि गणित हवं असेल, तर कदाचित त्याच कॉलेजात, त्याच बाकावर बसून काम होईल. दुसरी वाट म्हणजे आहे ती पदवी चालू ठेवून इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून आवडीच्या विषयाची पदवी जोडीने करणं. एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीने २०२२ मध्ये मोकळीक दिली. माझ्या मते निम्म्या मुलांचं काम या दोन वाटांवरच भागावं. ज्यांचं भागत नाही त्यांनी पुढे वाचा.

तुम्ही कुठून कुठे चाललात?

यावर जवळजवळ सगळं ठरतं.

सर्वांत सोपी वाट म्हणजे गोवा विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजातून दुसऱ्या संलग्न कॉलेजात, तेही त्याच पदवीला आणि त्याच मेजरला. साखळीच्या सरकारी कॉलेजातून खांडोळ्याच्या किंवा केप्याच्या सरकारी कॉलेजात जाणं, हे या जातीतलं. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रम तोच, तुमचा पीआर नंबर, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांकही विद्यापीठाकडे आहेच. मायग्रेशन सर्टिफिकेटची (विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याची) भानगड इथे येत नाही, कारण तुम्ही विद्यापीठ सोडत नाही.

स्वायत्त कॉलेज मध्ये आलं की चित्र बदलतं. मडगावचं चौगुले कॉलेज घ्या. पदवी गोवा विद्यापीठाचीच मिळते, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या स्वतःच्या असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एकच विद्यापीठ तर आहे! पण पहिल्या सेमिस्टरला तुम्ही शिकलेला भाग तिथे तिसऱ्याला असू शकतो आणि तिथे पहिल्याला झालेला भाग तुम्ही कधीच शिकलेला नसता. स्वायत्त कॉलेजातून बाहेर पडतानाही हीच अडचण उलट बाजूने येते. तेव्हा आपलं आणि समोरचं कॉलेज स्वायत्त आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा.

तिसरी वाट राज्याबाहेरच्या विद्यापीठातून येणाऱ्यांची. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची मुलं मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतात, बेळगावची राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या, कारवारची धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या, कोल्हापूरची शिवाजी विद्यापीठाच्या. सावंतवाडीहून पणजी हाकेच्या अंतरावर वाटली तरी कागदोपत्री ते विद्यापीठ बदलणं आहे. त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कायदा हे अभ्यासक्रम या लेखात धरलेले नाहीत. तिथे जागा मोजून मंजूर झालेल्या असतात, वर अखिल भारतीय परिषदांचे नियम असतात, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशांसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाकडेच जावं लागतं. एमबीबीएसचं म्हणाल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नियमावलीत एका कॉलेजातून दुसऱ्यात जाण्याची वाटच बंद केली. बीए, बीएस्सी, बीकॉम, बीबीए, बीसीए करणाऱ्यांसाठी पुढचं आहे.

क्रेडिट्सचा हिशेब

एक वही घ्या. मोबाइलवर नको, कारण ही वही पुढे दोन-तीन टेबलांवर उघडून दाखवायची आहे.

तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. म्हणजे साधारण एका सेमिस्टरला २०. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकलचं म्हणजे ३० तासांचं. डाव्या बाजूला तुम्ही पास केलेले सगळे पेपर लिहा: पेपरचं नाव, कोड, क्रेडिट्स, आणि तो कुठल्या खात्यातला ते. मेजर, मायनर (जोडविषय), बहुविद्याशाखीय, भाषेचा क्षमतावर्धनाचा पेपर, कौशल्याचा, मूल्यवर्धनाचा. उजव्या बाजूला नव्या कॉलेजात त्याच सेमिस्टरना काय शिकवलं जातं ते.

आता दोन्ही बाजू जुळवताना सगळ्या पेपरांना एकच गज लावू नका. मूल्यवर्धनाचा पेपर इथे पर्यावरणाचा आणि तिथे योगाचा असेल तर सहसा फारसं अडत नाही. त्या खात्यात तेवढी क्रेडिट्स जमली की झालं. बहुविद्याशाखीय पेपरांचंही जवळपास तसंच. भाषेच्या पेपरात थोडी खबरदारी घ्या. तुम्ही मराठी घेतलं असेल आणि नव्या कॉलेजात पुढच्या सेमिस्टरला मराठी शिकवायला कुणी नसेल, तर कोकणी, हिंदी किंवा इंग्रजीकडे वळावं लागेल. ज्यांचं मेजरच मराठी आहे त्यांनी तर हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. मराठी हा भाषेचा पेपर म्हणून असणं वेगळं आणि मेजर म्हणून सहाव्या सेमिस्टरपर्यंत शिकवलं जाणं वेगळं.

खरी अडचण मेजर आणि मायनरमध्ये येते. इथे नाव नाही, आतला अभ्यासक्रम बघतात. ‘ऑरगॅनिक केमिस्ट्री १’ या एकाच नावाखाली दोन ठिकाणी वेगवेगळी युनिट्स असू शकतात.

उदाहरणादाखल डिचोलीच्या एका मुलीचं घर मडगावला हललं असं धरू. मेजर केमिस्ट्री, मायनर बॉटनी, एफवायची ४० क्रेडिट्स पूर्ण, एकही पेपर राहिलेला नाही. नव्या कॉलेजात केमिस्ट्री आहे, पण बॉटनी नाही. मायनरला फिजिक्स किंवा गणित घ्यावं लागणार. तिच्या ४० पैकी ८ क्रेडिट्स बॉटनीची असतील तर ३२ चा प्रश्न नाही. त्या ८ चं काय, हे तिने प्राचार्यांना स्पष्ट विचारायला हवं. ती कुठेतरी धरणार आणि तिसऱ्या सेमिस्टरपासून फिजिक्स मायनर सुरू करून देणार, की पहिल्या वर्षाचे फिजिक्सचे दोन पेपर एसवायबरोबर जोडीने करायला लावणार? दुसरं असेल तर ते जमेल का? प्रॅक्टिकलच्या वेळा एकमेकींवर येतात. एसवायची पोरं लॅबमध्ये असताना एफवायच्या लॅबला कशी बसणार, हे वेळापत्रक समोर ठेवून बघायला लागतं. नुसतं ‘करू काहीतरी’ या उत्तरावर विश्वास ठेवू नये. माणसं वाईट नसतात, पण ते ‘काहीतरी’ पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

एटीकेटी असेल तर ती आधी उरकून घ्या. राहिलेला पेपर जुन्या कॉलेजात द्यायचा की नव्या, आयएसएचे (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षांचे) गुण कुणी धरायचे, या गोंधळात पडणं म्हणजे विकतचं दुखणं. स्वायत्त कॉलेजमधला राहिलेला पेपर तर दुसरं कुणी घेऊच शकत नाही.

आणखी एक गैरसमज. ‘माझी क्रेडिट्स एबीसीत जमा आहेत, ती आपोआप जातील,’ असं बरीच मुलं समजतात. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा १२ अंकी नंबर डिजिलॉकरवरून काढता येतो, तो काढलेला असायलाच हवा. त्यात जमा झालेली क्रेडिट्स कमाल सात वर्षं टिकतात. पण ती तुम्ही स्वतः भरू शकत नाही, संस्थाच भरते. आणि खात्यात ती दिसली म्हणून नवं कॉलेज प्रत्येक पेपर आपल्या पेपराच्या जागी धरेल असं मुळीच नाही. बँकेत पैसे असले म्हणून दुकानदार हवी ती वस्तू ठेवतोच असं थोडंच आहे? तेव्हा कॉलेजात जाण्याआधी डिजिलॉकर उघडून सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट्स जमा आहेत का बघा. नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात आत्ताच सांगा. तिथून निघून गेल्यावर हे काम करवून घेणं जड जातं.

कधी हलायचं

एफवाय संपून एसवाय सुरू होताना, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर. दुसरी वेळ शोधूच नका, असं मी म्हणेन. वर्षाच्या मध्ये, दिवाळीनंतरच्या सेमिस्टरला जाण्यात आयएसए, हजेरी, फी सगळंच अर्धवट तुटतं. टीवायला जाताना मेजरचे वरच्या पातळीचे पेपर सुरू झालेले असतात.

विद्यापीठच बदलणाऱ्यांसाठी टीवायला आणखी एक भिंत आहे. क्रेडिट बँकेच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मी क्रेडिट्स मिळवलेली असावी लागतात. १२० ची निम्मी ६०. दोन वर्षं बाहेर काढून ८० क्रेडिट्स घेऊन आलात तर इथे फक्त ४० उरतात, मग पदवी कुणी द्यायची? एफवायनंतर आलात तर ८० उरतात आणि प्रश्नच मिटतो.

चौकशी मात्र उन्हाळ्यातच सुरू करा. निकाल लागायची वाट बघत बसू नका. जूनमध्ये एफवायच्या प्रवेशांची झुंबड असते, ऑफिसातल्या माणसाला मान वर करायला वेळ नसतो. आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळलात तर मध्ये चतुर्थी येते. गोव्यात चतुर्थीच्या आठवड्यात सही मिळवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कागद कुठल्या क्रमाने

क्रम चुकला की सगळं चुकतं. जुन्या कॉलेजचा दाखला सर्वांत शेवटी काढायचा. आधी काढलात आणि नव्या ठिकाणी नकार आला तर तुम्ही ना इथले ना तिथले.

सुरुवातीला नव्या कॉलेजात जाऊन ऑफिसात एवढंच विचारा: एसवायला तुमच्या मेजरमध्ये जागा आहे का? जागा रिकामी नसेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही, दुसरं कॉलेज बघा. असेल तर विभागप्रमुखांना भेटा. तुमची वही इथे उघडायची. सोबत मार्कशीटच्या प्रती आणि झालेल्या पेपरांचा अभ्यासक्रम छापून न्या. पेपर जुळतात की नाही हे प्रत्यक्षात तेच सांगणार, प्राचार्य त्यांच्याच मतावर सही करणार. आईबाबांना बरोबर नेलंत तरी चालेल, पण बोला तुम्ही. मूल गप्प आणि बाबा बोलताहेत, हे चित्र शिक्षकांना फारसं रुचत नाही.

मग प्राचार्यांच्या नावे अर्ज. आपल्याकडे ऑफिसचा कारभार इंग्रजीतून चालतो, म्हणून अर्ज साध्या इंग्रजीत, अर्ध्या पानाचा करा. त्यात पीआर नंबर, सध्याचं कॉलेज, मेजर-मायनर, मिळवलेली क्रेडिट्स, बदलण्याचं कारण एका वाक्यात. जुन्या कॉलेजला दूषणं देऊ नका. बदलीचा आदेश, नवीन पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय कागद यांपैकी जे लागू असेल ते जोडा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोचपावतीचा शिक्का घ्या.

नव्या कॉलेजने घ्यायची तयारी लेखी दिली, आणि त्यात कुठले पेपर धरले, कुठले जादा करायचे हेही आलं, की मग ते पत्र घेऊन जुन्या कॉलेजात ना हरकत दाखला मागायचा. तिथे लायब्ररी, लॅब, जिमखाना, हिशेब विभाग यांच्याकडून ‘बाकी नाही’ अशा सह्या आणाव्या लागतात. हरवलेलं पुस्तक असेल तर आधीच भरपाई करून टाका, ४०० रुपयांच्या पुस्तकासाठी दाखला अडतो. विद्यापीठाची परवानगी लागत असेल तर ती कॉलेजमार्फत ताळगाव पठारावर, विद्यापीठाच्या कार्यालयात जाते. स्वतः फाइल घेऊन तिथे धावण्याआधी कॉलेजला विचारा.

सगळं हातात आलं, की ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट (टीसी), म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. घेताना तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, पीआर नंबर बारावीच्या मार्कशीटशी ताडून बघा. आणि मूळ कागद कुठल्याही टेबलावर सोडू नका. कॉलेजांनी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नयेत, तपासून परत द्यावीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे.

सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून येणाऱ्यांसाठी

तुम्हाला दोन कागद जादा: आपल्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि गोवा विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र. पात्रता ठरवताना तुमचे पेपर इथल्या पेपरांशी जुळतात का, हे विद्यापीठ बघतं. त्यासाठी अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजच्या शिक्क्यासह आणा. नेटवरून काढलेली साधी प्रिंट पुरत नाही, म्हणून एक फेरी वाढते. महाराष्ट्र किंवा कर्नाटक बोर्डाची बारावीची मार्कशीटही बरोबर ठेवा.

मायग्रेशन काढलं की जुन्या विद्यापीठाशी नातं तुटतं, त्यामुळे वर टीसीबद्दल लिहिलं ते इथे दुप्पट लागू. आधी इथला लेखी होकार. आणि महाराष्ट्र सरकारची शिष्यवृत्ती किंवा फीसवलत घेत असाल तर गोव्यात आल्यावर ती चालू राहील का, हे घरून निघण्यापूर्वीच विचारून घ्या. गोवा सरकारच्या बहुतेक योजनांना इथला रहिवासी दाखला लागतो.

जुन्या फीचं काय

बरेच जण एसवायची फी जुन्या कॉलेजात भरून बसतात आणि मग निर्णय घेतात. यूजीसीच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून लवकर प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून थोडी प्रक्रिया-रक्कम कापतात. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काही नाही. अलीकडे यूजीसी वर्षागणिक वेगळं परिपत्रकही काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परतावा, असं होतं, आणि त्यात दुसरीकडे जाणाऱ्यांचाही उल्लेख होता. चालू वर्षाचं परिपत्रक शोधून त्याची प्रत अर्जाला जोडा. डिपॉझिट वेगळं मागायचं, ते पूर्ण परत मिळतं.

नव्या कॉलेजची फी विचारताना अनुदानित की विनाअनुदानित, हे विचारा. बीसीए, बीबीएसारखे अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित असतात आणि फरक चांगलाच जाणवतो.

आत शिरल्यावर

पहिल्या आठवड्यात नव्या कॉलेजचं बोनाफाईड काढा. कदंबा बसचा पास नव्या मार्गासाठी पुन्हा करावा लागतो, तो त्यावर होतो. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर कॉलेज बदललेलं दाखवा आणि जुन्या कॉलेजच्या नावाने पडून असलेला अर्ज तसाच ठेवू नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेतलं असेल तर त्यांनाही लेखी कळवा, नाहीतर पुढचा हप्ता जुन्या कॉलेजच्या नावावर निघतो.

तुम्ही उशिरा आलात तर हजेरीचा प्रश्न येईल. वर्ग सुरू झाल्यापासूनची मोजणार की तुमच्या प्रवेशाच्या तारखेपासूनची, हे वर्गशिक्षकांकडून लिहून घ्या. ७५ टक्क्यांच्या अटीत पहिले तीन आठवडे फार महाग पडतात. हुकलेली आयएसए परत देता येईल का, तेही त्याच वेळी विचारा.

तिसऱ्या सेमिस्टरची मार्कशीट हातात आली की ती वही पुन्हा काढा. एफवायची धरलेली सगळी क्रेडिट्स एकूण बेरजेत आली आहेत का, जादा सांगितलेला पेपर तुमच्या नावावर नोंदला गेला आहे का, आणि एबीसीच्या खात्यात दोन्ही कॉलेजची क्रेडिट्स एकाच नंबराखाली दिसताहेत का, हे ओळीने तपासा. काही कमी असेल तर लेखी होकाराच्या पत्राची प्रत लावून त्याच आठवड्यात परीक्षा विभागात अर्ज द्या.